महेबूब, दगड एक हात उंच होता

महेबूब, तुला दिंद्रुडच्या कब्रस्तानात ठेवून आलो त्याला आज अठरा दिवस झाले. मी तीन मुठी माती टाकली. कुणीतरी हात धुवायला तांब्या पुढे केला, तर मी नको म्हणालो आणि तसाच जीपमध्ये बसलो. घरी आल्यावर बायको म्हणाली, "आवो, हात तरी धुवा, कावून असे धरून बसलाव?" मग धुतले. तेव्हापासून दुकान उघडतो, बंद करतो, मध्ये काय होतं ते लक्षात राहत नाही.

वस्तीने येत्या रविवारी तुझ्यासाठी सभा ठेवली आहे. मारुतीच्या पारावर, उन्हं कलल्यावर. बोलायचं मी, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. तुझा जिगरी दोस्त मीच, तर दुसरं कोण बोलणार? गिऱ्हाईक नसलं की मी पुड्या बांधायच्या कागदावर लिहितो आणि खोडतो. तुझ्याबद्दल चांगलं बोलणं काही अवघड नाही. चंद्रकलाबाईच्या शेळ्यांचं काय करायचं, तिथे येऊन पेन अडतं. वस्तीत अजून म्हणतात, महेबूबभाई लाखात एक माणूस, पण त्या साली विसरला. तू विसरला नव्हतास. हे फक्त आपल्या दोघांना माहीत होतं आणि त्यातला तू गेलास. आता मी रविवारी गप्प बसलो, तर तुझ्या नावावर ती चूक कायमची राहील. बोललो, तर माझी काय इज्जत उरेल ते तूच बघ.

मला हे पहिल्यापासून एकदा सरळ लावून बघायचं आहे. तुला माहीत असलेलंच सांगतो आहे, ऐकून घे.

धरणाचा फुगवटा आपल्या चारी बाजूंनी पसरला, तेव्हा खालची सगळी गावं उठली. आपला उंचवटा पाण्याच्या वर राहिला म्हणून आपली वीस-बावीस घरं कुणी उठवली नाहीत. भादव्यात धरण भरत आलं की रस्ता बुडतो आणि आपण बेटावर. होळीच्या सुमाराला पाणी उतरतं, रस्ता उघडा पडतो आणि आपण परत जमिनीवर. एका संस्थेची माणसं एकदा आली होती, आठवतं? भिंतीवर पांढरी चादर लावून त्यांनी समुद्रातल्या छोट्या बेटांची चित्रं दाखवली. तिथली माणसं वादळाआधी काय काय तयारी करतात, झाडं लावून किनारा कसा धरून ठेवतात, कुणी कुणाला आधी बाहेर काढायचं हे कसं ठरवतात. सगळे नारळाची झाडं बघत बसले. तू हात वर केलास आणि विचारलंस, "सायेब, आमचं बेट होळीला परत जमिनीला चिकटतंय. मंग आमी कशात बसतो?" सगळे हसले. ती माणसं गेल्यावर तू मात्र हसला नाहीस. त्यांनी वाटलेला कागद तू इंजिनाच्या खोलीत खिळ्याला टांगलास आणि आठ दिवसांत आपली पाणी समिती उभी केलीस. माझं नाव मला न विचारताच त्यात घातलंस.

डिझेल इंजिनं दुरुस्त करणारा तू मिस्त्री. तुला प्रत्येक गोष्टीला माप लागायचं. थर्माकोलच्या लाद्या जाळ्यात आवळून तू तराफ्यासारखा चप्पू बांधलास आणि त्यात किती माणसं बसवायची ते ठरवायला आधी ज्वारीची पोती चढवून बघितलीस. प्रत्येक घरात एक निळा ड्रम ठेवायला लावलास. रेशन कार्ड, सातबारा, औषधं, चार्जिंगची बॅटरी, सगळं त्यात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रंगीत तालीम व्हायची. पहिल्याच साली मला बुडालेला माणूस केलंस. झाडाखाली निपचित पड म्हणालास, मी पडलो आणि मला खरीच झोप लागली. चप्पू आला, माणसं हाका मारतायत आणि मी घोरतोय. "ह्या माणसाला वाचवू नका बे, पाण्यातच बरा हाय," असं तू ओरडलास ते अजून बाया एकमेकींना सांगतात.

आणि तो दगड. चप्पू बांधायच्या जागेजवळ, उतारावर, तू कमरेहून उंच काळा दगड पुरलास आणि छिन्नीने त्यावर तीन रेघा मारल्यास. पाणी पहिल्या रेघेला लागलं की चप्पू बाहेर. दुसरीला लागलं की कुणी बाजाराला जायचं नाही आणि खालच्या गोठ्यातली जनावरं वर आणायची. तिसरीला लागलं की म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या चप्पूत. सकाळ-संध्याकाळ दगड बघायचं काम तू कुणाला दिलं नाहीस.

त्याच साली पाणी तिसऱ्या रेघेपर्यंत आलं आणि माघारी फिरलं. चंद्रकलाबाईने दगडाला शेंदूर लावला, नारळ फोडला. नवरा गेल्यापासून शेळ्यांवर घर चालवणारी बाई ती, तिला पाण्याची भीती सगळ्यांत जास्त. पुढच्या नवरात्रात दगडाला चांदीचे डोळे बसले आणि नावही मिळालं, पाणोबा. तू इंजिन खोलून बसला होतास तेव्हा मी येऊन सांगितलं. तू हसत हसत खालीच बसलास. म्हणालास, "बे अप्पा, म्या पुरलेला दगड, आन् आता मलाच चप्पल काढून लांब उभं ऱ्हावं लागतंय!" तसं तुला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलंही नसतं. तू आपणहून चप्पल काढायला लागलास, चार पावलं लांब थांबायला लागलास आणि दगडाला हात लावणं सोडून दिलंस. रेघा लांबून दिसतात, हात कशाला लावायचा, म्हणायचास. मला तेव्हा ते बरं वाटलं. समजूतदार माणूस, असं मी चारचौघांत म्हणालोही. त्या समजूतदारपणापायी पुढे काय होणार आहे ते तेव्हा कुणाला दिसलं?

मग तुझ्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. ऑपरेशनसाठी तू परळीला मुलीकडे गेलास, पाऊसकाळाच्या आधी, आणि दोन महिने तिकडेच राहिलास. त्या दोन महिन्यांत बाया माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, दरसाल देव गढूळ पाण्यात उभा राहतो, जलपर्णी अंगाला चिकटते, नवरात्रात आम्हाला गुडघाभर पाण्यातून पूजेला जावं लागतं, हे बरं दिसतं का अप्पा? बरं दिसत नव्हतं. मी दिंद्रुडहून गवंडी आणला. दगड उपटला, खाली कोपरापासून बोटापर्यंत एक हात भरेल एवढा कट्टा बांधला, त्यावर दगड परत बसवला. भोवती कट्ट्याच्या उंचीपर्यंत मुरूम टाकून शहाबादी फरशी घातली. काम मोठं देखणं झालं. चंद्रकलाबाई तेवढी एकदा म्हणाली, "महेबूबभाऊंना इचारलं का?"

मी म्हणालो, फोन केला होता. तो हो म्हणाला.

केला नव्हता. मला वाटलं होतं तू नाहीच म्हणशील, मग बाया हिरमुसतील, गवंडी परत जाईल. देव उचलतोय एवढंच सगळ्यांच्या डोक्यात होतं. आपण माप उचलतोय हे एकट्या माझ्या डोक्यात आलं होतं, आणि मी ते बाजूला सारलं. महेबूब आला की निवांत सांगू, रेघा नव्याने मारून घेऊ. पुष्कळ वेळ आहे.

तू आलास. काळा चष्मा लावून दगडापुढे उभा राहिलास आणि बराच वेळ बघितलंस. "अप्पा, दगड उच्चा वाटतोय रे." त्याच क्षणी सांगायला काय झालं होतं? पण आजूबाजूला बाया होत्या. फोन केला होता असं ज्यांना मी सांगितलं होतं, त्याच सगळ्या. त्यांच्यासमोर खोटा पडेन म्हणून मी तुला बाजूला घेतलं आणि म्हणालो, दगडाला हात लावलेला नाही, भोवती फरशी तेवढी घातली. नवा डोळा आहे तुझा, आता सगळंच उंच दिसेल. तू हसलास. डॉक्टर पण हेच म्हणत होता, असं म्हणालास आणि चष्मा पुसलास. मोजून बघावं असं तुझ्या मनात आलं असणार, तुझा स्वभाव मला माहीत आहे. पण देवाला टेप कसा लावायचा? आणि दोस्ताने सांगितल्यावर मोजायचं तरी कशाला?

चार दिवसांनी सांगू म्हणता म्हणता भादवा आला.

बाजाराचा दिवस होता. वरच्या अंगाला दोन दिवस पाऊस चालू होता, आपल्याकडे नुसतं झाकोळलेलं. सकाळी चंद्रकलाबाई डोक्यावर पाटी घेऊन आली आणि तुला विचारलं, "भाऊ, जाऊ का बाजाराला?" मी दुकानाच्या पायरीवर होतो. तू दगड बघून आला होतास. म्हणालास, "जा बिनघोर. दुसऱ्या रेघेला अजून दोन बोटं कमी हाय." मी ऐकलं. आत जाऊन साखर मोजली. तुझ्या दुसऱ्या रेघेची जुनी जागा कधीचीच जवळजवळ हातभर पाण्याखाली गेली आहे, हे मला त्या क्षणी सुचलं नाही म्हणालो तर तू मानशील का? मी स्वतः कधी मानतो, कधी नाही.

दुपारी पाणी नदीच्या अंगाने असं चढलं की बघता बघता खालचे गोठे भरले. तू एकटा चप्पू घेऊन निघालास. इतरांची जनावरं वर चरायला होती. चंद्रकलाबाईच्या शेळ्या मात्र दावणीला बांधलेल्या. तू पाण्यात उतरून दावी कापलीस, पण उशीर झाला होता. नऊ शेळ्या तू एकेक करून वर आणल्यास आणि उतारावर ओळीने ठेवल्यास. तुझ्या ओठांना रंग राहिला नव्हता. मी घोंगडं आणलं तर तू ते शेळ्यांवर टाकलंस.

चंद्रकलाबाईला पलीकडच्या काठावरून चप्पूने आणलं. ती रडली नाही. तुझ्यासमोर उभी राहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "देव हातभर वर घेतलेला तुमाला ठावं होतं ना भाऊ? अप्पांनी फोनवर सांगितलं होतं ना?"

तू माझ्याकडे बघितलंस.

जास्त वेळ नाही. मी खाली बघितलं आणि तुला सगळं कळलं. मला वाटलं, आता तू बोलशील आणि मग माझं जे व्हायचं ते होईल. सांगायला लाज वाटते, पण सुटल्यासारखंही वाटलं. आणि तू तिच्याकडे वळून म्हणालास, "ठावं होतं बाई. अप्पानं सांगितलं होतं. त्यो हातभर हिशेबात धरायचं इसरलो म्या."

एक शब्द बोललो असतो तर पुरे होतं.

तिसऱ्या दिवशी पाणी ओसरलं, तेव्हा तू टेप आणि काळ्या, लाल रंगाचे दोन डबे घेऊन दुकानात आलास. "चल," एवढंच म्हणालास. दगडापाशी तू नेहमीसारखी चप्पल काढून चार पावलं लांब थांबलास. कट्टा मी कडेने मोजला. तू विचारलंस, "किती?" मी म्हणालो, एक हात. "बरं," म्हणालास. जुन्या रेघांवर काळा रंग फासायला लावलास आणि प्रत्येक रेघ हातभर खाली घ्यायला लावलीस. मी ब्रश ओढत होतो, तू लांबून "जरा खाली, आजून, हां बस" म्हणत होतास. मला वाटत होतं, आता विचारशील. रंगाचे डबे बंद केलेस, झाकणं दगडाने ठोकून बसवलीस आणि निघून गेलास. तुझ्या स्वतःच्या शेळीच्या दोन पाटी त्याच आठवड्यात चंद्रकलाबाईच्या गोठ्यात गेल्या, हे मला नंतर दुसऱ्याकडून कळलं.

मग वस्तीने ठरवलं, दगड आता दोघांनी बघायचा. तू आणि मी. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. पण तू "जा बाजाराला" म्हणालास की बाया माझ्या तोंडाकडे बघायच्या आणि मी मान हलवल्यावर निघायच्या. चार वर्षं मी मान हलवली, महेबूब. तू शेजारी उभा असायचास.

तुझा रागही आला मला. आता सांगतो. कितीदा वाटलं, कुणी सांगितलं होतं हा उपकार करायला? भांडला असतास, चारचौघांत माझी अब्रू काढली असतीस, वर्षभर बोलला नसतास, तर ते फिटलं असतं. तू काहीच केलं नाहीस. रोज दुपारी चहाला येत राहिलास. चहात साखर कमी म्हणून कुरकुर करत राहिलास.

एकदा मात्र बोललास. अर्थात शेळ्यांबद्दल नाही, तेवढं सरळ बोलणारा तू नाहीस. खालच्या अंगाच्या एका गावात कुणीतरी पाणी आलं म्हणून खोटी आवई उठवली होती, त्याचा विषय निघाला. मी म्हणालो, चूक कुणाचीही होते. तू बशीत चहा ओतत म्हणालास, "चूक चालतीय अप्पा. माणूस इसरला तर लोक त्याच्यासंगं दुसरा माणूस देतेत. पर खोटा निघाला तर? मंग पुढच्या पाण्याला कुणीच कुणाच्या सांगण्यानं घर सोडत न्हाई." आणि बशी तोंडाला लावलीस. समिती मोडू नये म्हणून तू ते केलंस की माझ्यासाठी, हे मला विचारायचं होतं. दोन्ही असेल. मी विषय बदलला आणि गाळपेरीवर आलो.

गाळपेरीवरून तर आपण किती भांडलो! पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळात हरभरा, टरबूज कसं पिकतं. मला अगदी कडेपर्यंत नांगर घालायचा असायचा. तुझं म्हणणं, उताराची दहा पावलं गवताला आणि बाभळींना सोडायची, नाहीतर माती पाण्याबरोबर जाईल आणि आपला उंचवटा दरसाल थोडा थोडा खचेल. "टेकडी खाऊन टरबूज पिकवतोस का बे?" म्हणायचास. माझ्या तुकड्यातली दरड कोसळली तेव्हा तू बघायला आलास, काही न बोलता दोन दिवसांनी करंजाची रोपं आणून दारात ठेवलीस. मी रागाने लावली नाहीत. आठ दिवसांनी लावली. जगली आहेत, पण मला अजून वाटतं दहा पावलं फार होतात, सात पुरली असती. हा वाद मी सोडलेला नाही.

आणि दिंद्रुडला उठून जायचं मी म्हणायचो, तेही राहिलंच. मी थकलो होतो. दरसाल तोच ड्रम, तीच तालीम, तेच पाणी. तू म्हणायचास, पाण्यानं आपल्याला हाकललं न्हाई, तूच कावलास. मी बेटावरून पळू बघत होतो की त्या दगडापासून, ते तुझ्या लक्षात आलं असणारच.

छातीत कळ आली तेव्हा तू चप्पूचं जाळं शिवत होतास. पाणी उतरलेलं, रस्ता कोरडा, जीप थेट दारापर्यंत आली. भादव्यात असतं तर चप्पूने न्यावं लागलं असतं, तेव्हा त्यातल्या त्यात बरं, असं कुणीतरी म्हणालं. केजच्या रस्त्याला लागलो तोवर तू माझा हात धरून होतास. तेव्हाच म्हणायला हवं होतं, महेबूब, चुकलो. पुढे ड्रायव्हर होता, शेजारी तुझा पुतण्या होता. मी म्हणालो, आलंच आता हॉस्पिटल.

इथपर्यंत शनिवारी लिहिलं होतं. आता सोमवार आहे.

सभा झाली. अख्खी वस्ती आली होती, दिंद्रुडचीही माणसं होती. कुणीतरी लाऊडस्पीकर आणला होता. तुझा फोटो नव्हता म्हणून समितीच्या नोंदणीच्या कागदावरचा मोठा करून लावला, त्यात तू कुणाला तरी दम देतोयस असं वाटतं. मी चप्पू सांगितला, ड्रम सांगितले, मी घोरलो ते सांगितलं. लोक हसले. मग मी कागद खिशात ठेवला आणि म्हणालो, "अजून एक सांगायचं आहे. शेळ्या बुडाल्या त्या साली महेबूब विसरला नव्हता. दगड उचलल्याचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी फोन केला नव्हता. त्याने विचारलं तेव्हा दगड हलवला नाही असंही मीच सांगितलं. चूक माझी होती. त्याने ती अंगावर घेतली."

पाराचा कठडा धरून उभा होतो. मग चंद्रकलाबाई उठली. मला वाटलं, आता ही मला पायताण दाखवणार, आणि दाखवावं. ती डोळे पुसत म्हणाली, "आसा दोस्त पायजे. मेलेल्या माणसाचा डाग सोताच्या अंगावर घ्यायलेत अप्पा. पर भाऊंनी सोताच्या तोंडानं सांगितलं होतं मला, इसरलो म्हणून. ते कवाच खोटं बोलले न्हाईत."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, महेबूब. मी ओरडून सांगितलं की हे खरं आहे, बाबांनो, खरंच आहे. जितकं सांगावं तितके ते गहिवरत होते. एकाने मला हाताला धरून खाली बसवलं, पाणी दिलं. शेवटी ठराव झाला की दगड बघायचं काम आता अप्पांकडे.

मी घराकडे निघालो तर तुझ्या दारातून हाक आली. भाभी इद्दतमध्ये आहेत, घराबाहेर पडत नाहीत, म्हणून सभेला आल्या नव्हत्या. लाऊडस्पीकरवर सगळं ऐकलं होतं. मी ओसरीवर बसलो, त्या पडद्याआड होत्या. आतून चहाचा कप सरकवला.

"अप्पा, ते खरंच इसरले न्हवते का?"

"नाही भाभी. मी बोललो ते खरं आहे."

मग त्या बोलल्या, अगदी हळू. "शेळ्या बुडाल्या तवापासून म्या त्यांला गॅसपाशी जाऊ दिलं न्हाई. इसरतेल म्हणून. दिंद्रुडला एकलं जाऊ दिलं न्हाई. परळीहून नात आली का म्हणायचे, पोरीला चप्पूत फिरवून आणतो. म्या म्हणायची, तुमचा काय भरवसा, नऊ शेळ्या इसरलाव, पोरीला कुठं इसरून येताव. चार वर्सं पोरीचा हात त्यांच्या हातात दिला न्हाई म्या." मग म्हणाल्या, "एकदा सुदीक म्हणले न्हाईत, म्या इसरलो न्हवतो म्हणून. मला तरी सांगायचं का न्हाई?"

चहा तसाच निवला. मी कप उचलला नाही आणि उठलोही नाही. वस्तीला सांगायचं होतं ते मी सांगितलं, महेबूब, उशिरा का होईना. पण पडद्याआड तुझी बायको रडते आहे, आणि तिला आता मी काय सांगू?